काळी नखं

नात्यातल्या एका साखरपुड्याच्या हॉलमध्ये मी येणाऱ्या-जाणाऱ्याला थाटात सांगत होतो, "आमची लेक दागिने घडवण्यात एम.ए. करते!" लेक शेजारीच उभी होती.

तिथल्या एका मावशींनी तिला विचारलं, "मग तुझे हात असे भुंडे का गं?"

"काळी नखं बघा तिची! त्यावर अंगठी कुठं शोभणार?" म्हणत मी टाळीसाठी हात पुढे केला. सगळे हसले. लेकीनं हळूच बोटं पदराखाली घेतली.

पॉलिशच्या यंत्रात अडकते म्हणून अंगठी घालत नाहीत, हे तिनंच मला कौतुकानं सांगितलं होतं. दागिन्याची चमक दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पॉलिशचा काळेपणा घडवणाऱ्याच्या नखांत राहतो; आणि मी त्यावरही हशा कमावला.

परतताना रिक्षात मी तिचा हात हातात घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "आता कोणी बघत नाहीये."