चांगुणाचं शेत, पदूचं पॅरिस

तुमच्या हातची भाकरी खाऊन तुमचंच शेत कुणी विकलंय कधी? बेलपाड्याच्या चांगुणाचं तिच्या सख्ख्या दिराने, पदूने विकलं. नवरा गेल्यावर तिने विश्वासाने सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर होऊ दिला होता. बिल्डरपासून गावची जमीन वाचवायच्या धरण्याचा पुढारीही तोच, आणि धरण्यावरच्या भाकऱ्या तिच्या.

परवा ती त्याच्या घरी गेली, तर त्याच बिल्डरला शेजारी बसवून त्याच्याच पैशाने पॅरिसचा बेत चाललेला. शुक्रवारी मनोरा, शनिवारी होडीत जेवण, सोमवारी परत.

"वयनी, तिकडचं जेवान आमाला सोसनार नाय. थोडी सुकट भाजून दे."

"आनि शेत?"

"सातबारा माज्या नावावर हाय ना. केली सही."

"मंग सुकट पन बिल्डरकडूनच भाजून घे," म्हणत चांगुणा उठली, ती थेट धरण्यावर.

पदू परतला की बिल्डरने त्याचा सत्कार ठेवलाय. तुम्ही हार घेऊन तिकडे जाऊ नका. चांगुणाशेजारी येऊन बसा.