ओल्या पोत्यातली गिटार

मे महिन्याची भर दुपार, राजुऱ्याचं बसस्टँड, आणि बाबा माझी नवीकोरी गिटार ओल्या पोत्यात गुंडाळून राह्यले होते! मला पुण्याला नोकरी लागली म्हणून त्यांनीच हौसेनं घेतलेली. खाणीवर डंपर चालवणारा माणूस, पाण्याची कॅन रोज ओल्या पोत्यात नेतो, मग गिटार का नाही? "उन्हानं तडकन ना वं बाई," म्हणाले आणि वरून बाटलीभर पाणी शिंपडलं.

गावात राह्यलेल्यांनो, माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, पुढचं ऐका तर! पुण्यात पोतं सोडलं आणि रडूच फुटलं. गोल भोकाच्या खाली पॉलिशला केसाएवढे तडे. वॉरंटीच्या फॉर्मवर विचारलं होतं, ओल लागली का? रूममेट म्हणाली, "नाही लिही." पण बाबांचं लहानपणापासून एकच, "खोटं नाई बोलाचं, मंग काईबी होवो." खरं लिहिलं. उत्तर आलं, चूक ग्राहकाची, वॉरंटी लागू नाही.

"माह्याच्यानं झालं," बाबा एवढंच बोलले. त्यानंतर फोन केला की लगेच आईकडे देत. गिटार गेली खड्ड्यात, मला माझे बोलके बाबा परत हवे होते!

एकदा तारा घ्यायला दुकानात गेले, तर एसीत टांगलेली तीच गिटार, त्याच बॅचची. आणि तडे त्याच जागी! हिनं ना ऊन पाह्यलं होतं, ना पोतं. दुकानदार म्हणाले, पॉलिशचा थर जाड बसलाय, कारखान्यातलीच चूक आहे. मी दुकानातच ओरडले! धडाधड फोटो काढून कंपनीला पाठवले. कंपनीनं चूक मान्य केली, नवी गिटार दिली, जुनी तुम्हीच ठेवा म्हणाली.

"बाबा, पोत्याचा काही दोष नव्हता!" फोनवर मी किंचाळलेच. "खरंच काय वं?" त्यांनी तीनदा विचारलं. मग अर्धा तास बोलत बसले, आईला फोन मिळालाच नाही.

दिवाळीत जुनी गिटार घरी नेऊन ठेवली. यंदा मेमध्ये गेले, तर ती समोरच्या खोलीत भिंतीवर, आणि बाबा खाली घामानं निथळत बसलेले. कूलर पार स्वयंपाकघरात.

"बाबा, हे काऊन?"

"कूलरची ओल लागन ना तिले."

"अहो, पण चूक कंपनीची होती!"

"होती ना. पर आता वॉरंटी सरली तिची. आता जिम्मेदारी आपली."

पुण्यात माझ्या खोलीत एसी आहे. पण घर म्हटलं की मला ती भट्टीसारखी तापलेली खोलीच आठवते, आणि कधी एकदा जाते असं होतं.