चौकीच्या दारातले अपघात

घोडपदेवच्या ओल्गाबाई कधी कुणाशी भांडल्या नव्हत्या. चाळीतल्या नळावरसुद्धा नाही. उभा जन्म शिवणयंत्रावर मान घालून गेला. पण नवरा, रेमंड, कोपऱ्यावरच्या वळणावर टेम्पोखाली गेला आणि बाईंच्या जिभेला धार आली.

मागणी साधी होती. वळणावर गतिरोधक घाला, आणखी कुणाचा बळी जायला नको. रस्त्यांचं काम बघणाऱ्या इंजिनियरनं संगणकावर अपघातांचा नकाशा उघडला. "आंटी, तुमच्या वळणावर तर एकही अपघात नाही." लाल टिंबं सगळी पोलीस चौकीच्या दारात! तिथं दोन गतिरोधक घालूनही झाले होते. रेमंडसुद्धा तिथंच मेला म्हणे.

बाई तरातरा चौकीत गेल्या, तेव्हा उलगडा झाला. अपघाताची नोंद मोबाइलवर करायची असते आणि मोबाइल जिथं असेल तीच जागा आपोआप नकाशावर उमटते. ही मंडळी चौकीत परतायची, पंख्याखाली बसायची, चहा मागवायची आणि मग नोंद भरायची. माणूस जिवानिशी गेला तरी यांना खुर्ची सुटेना!

"एंट्री केलीय ना आंटी? जागेचं काय एवढं?" हवालदार म्हणाला.

"काय एवढं? माझा रेमंड तुमच्या दारात मेला काय? उठा! चला माझ्याबरोबर!"

बाईंचा अवतार पाहून हवालदार मोबाइल घेऊन उठला. वळणावर तो रस्त्यात पाऊल टाकतो न टाकतो, तोच एक टँकर अगदी अंगाला चाटून गेला. हवालदार उडी मारून मागे आला. कसंबसं त्यानं नोंद उघडून जागा बदलली. रेमंडचं टिंब वळणावर आलं.

"झालं. पण खरं सांगतो आंटी, एका टिंबावर कोण रस्त्याला हात लावत नाय. अजून पाहिजेत."

अजून पाहिजेत! बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. इथं मेलेल्यांचा काय तोटा होता? सगळे यांनीच तर नेऊन ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा चौकीत हजर. सोबत शेजारच्या चाळीतली शांता होती, तिचा मुलगा त्याच वळणावर गेला होता. तिथंच बायको गमावलेला दत्ताराम होता. मागे आणखी माणसं दाराबाहेरपर्यंत उभी होती.

हवालदारानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मोबाइल घ्या, साहेब," ओल्गाबाई म्हणाल्या. "आमची माणसं तुमच्या दारात पडलीत. न्यायला आलोय."