जाऊबाईंची वेल

सकाळचे साडेआठ. एका शेगडीवर दूध, दुसरीवर भाजी, दीर एका मोज्यासाठी घर उलथंपालथं करतोय, आणि तेवढ्यात दारावर थाप. बेल असताना थाप मारणारं आमच्या मजल्यावर एकच माणूस, शेजारच्या सुईकाकू. "बेल वाजवली की कुणी परकं आल्यासारखं वाटतं," असं त्यांचं म्हणणं.

दार उघडलं तर काकूंच्या तळहातावर बोटाच्या पेराएवढी निळी प्लास्टिकची वस्तू आणि तिची इवलीशी मखमली पिशवी. दोन्ही ओल्या.

"हिला मी धुतलं गं," एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

ती त्यांच्या भरतकामाच्या प्रोग्रॅमची किल्ली. कॉम्प्युटरला लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडायचाच नाही. नकला काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून कंपनीनं केलेली युक्ती. गल्लीतल्या बाकीच्या शिवणवाल्यांनी कुलूप तोडलेली प्रत केव्हाच मिळवली होती. काकूंनी मात्र प्रोग्रॅम रीतसर विकत घेतला, किल्लीला पिशवी शिवली, आणि काम संपलं की ती ॲप्रनच्या खिशात. चौदा वर्षं हा नेम. काल ॲप्रन धुवायला गेला, किल्लीसकट, आणि आता प्रोग्रॅम उघडेना.

मी लग्न होऊन इथं आले, तेव्हा काकूंकडे कॉम्प्युटर नव्हता. खिडकीशी लाकडी रिंग, आणि पत्र्याच्या डब्यात नक्षीचे कागद. दुपारी आम्ही बायका जमायचो. कापडावर कार्बन, त्यावर आवडलेली नक्षी, वरून पेन्सिल. गिरवून गिरवून कागदांना भोकं पडलेली. "ने गं, नक्षी दिल्यानं कमी होत नाही," काकू म्हणायच्या. माझ्या पहिल्या उशीवरचं बदक तिथलंच. ते कोंबडीसारखं उतरलं, हा भाग वेगळा.

त्या डब्यातली सगळ्यात देखणी नक्षी काकूंच्या जाऊबाईंची. त्या डावखुऱ्या, म्हणून त्यांची वेल उजवीकडून डावीकडे चढायची. जाऊबाई गेल्या, तेव्हा काकूंनी महिनाभर बसून ती वेल पान न पान कॉम्प्युटरात उतरवली. मागोमाग बाकीच्या नक्ष्याही. मग डबा झाडून सगळे कागद रद्दीत. "आत आहे ना आता," म्हणाल्या. रद्दीची पिशवी खाली नेऊन दिली ती मीच.

आता जाऊबाईंची लेक बाळंत व्हायची आहे. बाळाच्या दुलईवर तिला आईची वेल हवी आहे.

दीर एक पाय उघडाच घेऊन बाहेर आला. त्याचं कामच कॉम्प्युटरचं. "काकू, हात्तिच्या! कुलूप तोडलेली प्रत नेटवर पडलीय. दहा मिनिटांत उघडून देतो."

"चोरीची?"

"अहो, तुम्ही विकत घेतलंय!"

"मग तोडायचं कशाला? कायद्यात बसतं का ते?"

दीर मोज्याकडे बघायला लागला. "नाही बसत," शेवटी म्हणाला. "कुलूप तोडणं हाच गुन्हा. आतलं सामान तुमचं असलं तरी."

"म्हणजे ज्यांनी चोरलं त्यांचं सुरळीत, आणि किल्ली जपणारी मी दाराबाहेर!" काकू हसल्या. हसता हसता ती पिशवी पिळत होत्या.

मी कंपनीला फोन लावला, काकूंना ऐकू जावा म्हणून स्पीकरवर. पलीकडची मुलगी मोठी गोड. "मॅडम, ती आवृत्ती आम्ही बंद केली. तिची किल्ली आता मिळत नाही. नवी आवृत्ती घ्या."

"नवीत जुनी नक्षी उघडेल?"

"नाही, मॅडम."

"वहिनी, दूध!" दीर ओरडला. गेलंच ऊतू.

मी शेगडी पुसून आले तरी काकू तशाच बसलेल्या. आपली पंचवीस वर्षांची दुपार त्या खोक्यात अडकली आहे, असं मला वाटलं. बदकासकट.

"तू कॉलेज केलेली," काकू म्हणाल्या. "त्यांच्या साहेबाला एक पत्र लिही. पण भांडू नकोस हं. मी सांगते तसंच लिही."

मी वही घेतली. काकूंनी घसा साफ केला.

"किल्ली धुतली ही चूक माझी. नवं काही फुकट नको. मला फक्त एकदा आत जाऊ द्या. जाऊबाईंची वेल कागदावर काढून घेते आणि बाहेर येते."