आईला वाक्यच नव्हतं

माझा आवाज मोठा आहे. अहमदपूरच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात मी बारावीला मराठी शिकवायला उभी राहिले, की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर वैतागून खिडकी लावून घेतात. आणि त्या शनिवारच्या नाटकात मला एकही वाक्य नव्हतं!

नाटकाची ही पद्धत मी एका शिबिरात शिकून आले होते. प्रसंग पाच मिनिटांचा. तो अडला, की बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणायचं, एखाद्या पात्राला उठवायचं आणि त्याच्या जागी बसून प्रसंग सोडवून दाखवायचा. विषय पोरांनीच निवडला. मुलीला मेडिकलच्या परीक्षेत मार्क कमी पडलेत, वडिलांना तिला तीच परीक्षा पुन्हा द्यायला लातूरला रिपीटर बॅचला घालायचंय आणि तिला जायचं नाही. नांदेडला आमच्या घरी महिनाभर हेच चाललं होतं. एकदा रिपीट करून, रडून, वाळून परत आलेली माझी लेक दुसऱ्यांदा जायला तयार नव्हती, आणि आमच्या ह्यांनी सोमवारी तिला लातूरला पोचवायचं पक्कं केलं होतं. पण हे वर्गात कोण सांगतंय?

वडील झाले आमचे खेळाचे सर. आई व्हायला एकही पोरगी तयार होईना, कारण आईनं नुसता चहा आणून ठेवायचा. शेवटी मीच पदर खोचला.

सर लई पक्के निघाले. एकामागून एक सहा पोरींनी मुलीची जागा घेतली. कुणी रडली, कुणी भांडली, एकीनं तर जेवणच सोडलं. सरांकडे सगळ्याला उत्तर तयार. वर्ग हसून हसून बेजार. मी आपली मुकाट्यानं चहा ठेवत होते.

मग मागच्या बाकावरून ‘थांबा’ आलं. देवणीकडची, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“म्याडम, तुम्ही उठा. लेकीचं सांगून झालंय की. आता आईनं बोलायचं हाय.”

मला राग आला, खरं सांगते. पण नियम माझाच होता, उठले. ती बसली, कप बाजूला सारला आणि सरांना म्हणाली, “तिला न्हाई जायचं. आन् मलाबी न्हाई पाठवायचं.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ!

नांदेडच्या एसटीत ती दोन वाक्यं घोकत आले. घरी लेकीची भरलेली बॅग दाराशी होती आणि हे चहाची वाट बघत होते. मी स्वयंपाकघरात गेलेच नाही. त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि दोन्ही वाक्यं म्हटली. आवाज कधी नव्हे तो बारीक निघाला. हे उठले आणि बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवून आले.

आम्ही दोघी बॅग रिकामी करत होतो, तेव्हा लेकीनं विचारलं, “आई, हे गेल्या वर्षी का नाही म्हणालीस?”

तिच्या घडी घातलेल्या कपड्यांच्या मी पुन्हा घड्या घालत बसले.