शेवटच्या रांगेतून दिसलेलं आभाळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी वडशाच्या पडदेवाल्या चाचांचं नाव घेतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांसाठी ते पडदे रंगवायचे. जंगल, राजवाडा, गरिबाची झोपडी. माझं गाव धानोऱ्याकडचं, तिथे दहावीच्या पुढे शाळा नव्हती. माझ्या वडिलांशी चाचांची ओळख नाटकाच्या मांडवापुरती, तरी अकरावी-बारावीची दोन वर्षं त्यांनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला.

नवा पडदा वाळला की चाचा तो मोकळ्या शेतात बांबूंवर ताणायचे आणि मला शेवटच्या रांगेइतक्या अंतरावर उभं करायचे. नाटकाला त्या रांगेत खेड्यांवरून बैलबंडीने आलेली माणसं बसायची.

"चांगलं हाय का नाई ते नोको सांगू," ते तिथून ओरडायचे. "दिसते काय, ते सांग. झाड दिसते का गोबीचं फूल?"

मी चंद्रपूरला बी.एस्सी.ला गेलो आणि इकडे चाचांना काचबिंदू झाला. दाखवायला उशीर झाला होता. त्याच सुमारास मंडळ्या छापील फ्लेक्स लावू लागल्या. डोळे असते तरी काम कुठे होतं, असं ते म्हणायचे.

तेव्हा टीव्हीवर एक जपानी कार्टून मालिका हिंदीत लागायची. अंतराळात भरकटलेलं जहाज, यंत्रमानव, ओसाड ग्रह. आमचं अख्खं वसतिगृह तिच्यासाठी वेडं झालं होतं. चाचांनीही दिसत होतं तोवर चार भाग पाहिले होते आणि त्यातली आभाळं त्यांच्या मनात बसली होती. चाचींच्या हातून त्यांनी मला पत्र लिहवलं: पुढचं तू पाह्य आन मले कळव.

मला ती मालिका जेमतेम वाटली. शेवटचे भाग तर मी परीक्षेचं निमित्त करून टाळले. पण नजर जात असलेल्या माणसाला असं कसं कळवायचं? मी लिहिलं, 'अप्रतिम आहे, असं आभाळ आजवर कोणी रंगवलं नसेल.'

दिवाळीत भेटायला गेलो. चाचा ओसरीवर खाटेवर बसले होते.

"शेवटी आभाळ कोणत्या रंगाचं होतं गा?"

"निळं."

"निळं तं माह्या डब्यात बी हाय. कोणतं निळं?"

चाची तांदूळ निवडत होत्या. "पाह्यलंच नाई त्यानं," त्या म्हणाल्या. "चंद्रपूरले जाऊन साहेब झाला. न पाहता सही करते."

चाचा हसले नाहीत. "डोळे बरे होतीन, पडदे पुन्हा लागतीन, लोकं सारं चांगलंच सांगून राह्यले मले. तू बी त्यांच्यातच जाऊन बसला. मंग आता मी कोणाले विचारू?"

माझा चहा तसाच निवला.

उन्हाळ्यात मालिका पुन्हा लागली. वसतिगृहाच्या जेवणघरात रोज वही घेऊन बसलो आणि एकही भाग सोडला नाही. मग पत्र पाठवलं. त्याचा कच्चा मजकूर त्या वहीत अजून आहे.

'चाचा, सलाम. चाची, हे जसंच्या तसं वाचा, काही गाळू नका.

मालिका बरी आहे, थोर नाही. यंत्रांचा एकेक खिळा रेखाटलाय, पण माणसं पुतळ्यासारखी उभी असतात, नुसते ओठ हलतात. अर्ध्यानंतर गोष्ट थांबते आणि सगळे समजावून सांगू लागतात. जहाज फुटलं तेव्हा माझे मित्र रडले, मला काही वाटलं नाही. आभाळही तेच तेच फिरवून वापरलंय. तुम्ही पाहिलेले चार भागच सगळ्यात चांगले होते.

अजून एक. तुमच्या राजवाड्याच्या पडद्याचे खांब शेवटच्या रांगेतून कललेले दिसायचे. मी तुमच्या घरी जेवत होतो, म्हणून तेव्हा बोललो नाही.

शेवटचं आभाळ निळं नव्हतं. मोहफुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात, त्या सकाळी असतं तसं होतं. खाली राखाडी, वर थोडं पिवळं. तेवढं मात्र खरंच चांगलं होतं.'