दुसऱ्या ओळीनंतरचा दम

"दम घ्या!" हे आमच्या चर्चमधल्या ऑर्गनवाल्यांचं पालुपद. म्हणताना उजवा तळवा असा वर धरायचे, की जणू समोरून बैल उधळत येतोय. गायनमंडळाला तेच, बसच्या दारात घुसणाऱ्यांनाही तेच. एकदा वरातीत नवरदेव फारच भरभर चालू लागला. बँडमधल्या या गृहस्थांनी तोंडातली क्लॅरिनेट काढली आणि ओरडले, "अरे, दम घे! नवरी तुझीच आहे, पळून नाही जात."

पापडी गावात त्यांची केळीची वाडी होती. दिवसा वाडी, संध्याकाळी चर्चमधला ऑर्गन. तुम्ही म्हणाल, हौशी माणूस. आम्हीही तेच म्हणायचो. पण हा माणूस चाली स्वतः रचायचा. कानावर पेन्सिल, आणि घरी आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ओढलेल्या पाच-पाच रेघा, त्यांवर सुरांचे काळे ठिपके. त्यांची बायको सगळ्यांना बजावायची, "पत्रिका द्या, पण लग्न कधी ते तोंडी सांगा. कागद लगेच वाडीत जातो."

मी शाळेत मराठी शिकवायचो. नव्वदच्या दशकात एकदा ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी मी गीत लिहिलं. त्यांनी ते चार दिवस खिशात बाळगलं आणि मग चाल ऐकवली. दुसऱ्या ओळीनंतर चार मात्रा काहीच नव्हतं. ना शब्द, ना सूर.

"इथं काय?" मी विचारलं.

"इथं माणूस आपलं काय चुकलं ते आठवेल."

"चार मात्रांत?"

"का मास्तर, तुमचं एवढं मोठं आहे?"

पहिल्या रविवारी सगळं चर्च त्या जागेवरून धावत पुढे गेलं. ऑर्गन थांबला, तळवा वर आला. "दम घ्या! पहिल्यापासून." असं तीन रविवार चाललं, तेव्हा कुठे लोक थांबायला शिकले.

मग गीतांची पुस्तिका निघाली. मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली. छापणाऱ्यानं चुकून 'शब्द व चाल' असं लिहून पुढे माझं एकट्याचं नाव घातलं होतं. लाल पेन माझ्या हातात होतं. त्याच पानावरच्या दोन वेलांट्या मी दुरुस्त केल्या. नावाची चूक तेवढी राहू दिली. आता सांगतो, चाल त्यांची होती. त्यातला एक सूरही माझा नाही.

पुस्तिका हातात घेऊन त्यांनी चष्मा लावला. बोट माझ्या नावावरून सावकाश पुढे सरकलं.

"मास्तर, थांबायचं ते छापलं नाही? नवीन माणूस धावेल."

"पुढच्या आवृत्तीत घालतो."

घातलंही. दुसऱ्या ओळीखाली, कंसात, 'येथे थांबावे'. नाव मात्र तसंच.

दोन वर्षांनी ते गेले. अंत्यविधीच्या प्रार्थनेत, मिस्सेत, फादर म्हणाले, "आता आपल्या मास्तरांचं गीत." दुसरी ओळ संपली आणि अख्खं चर्च थांबलं. ऑर्गनवर दुसरंच कुणी होतं, कुणी खूण केली नव्हती, तरी थांबलं. पुढच्या बाकावर त्यांच्या बायकोनं तळवा किंचित वर धरला होता.

उभं राहून एक वाक्य बोलायला चार मात्रा पुरल्या असत्या. मी त्या मोजल्या, आणि सगळ्यांबरोबर तिसरी ओळ म्हणू लागलो.